ऑकमचा वस्तरा : कोणता घ्यावा, कसा चालवावा, कुठे चालत नाही

‘सर्वांत सोपं स्पष्टीकरण सहसा बरोबर असतं.’ ऑकमच्या वस्तऱ्यावर आज बहुतेक ठिकाणी हेच लेबल चिकटवलेलं असतं, आणि त्याच्याबद्दलच्या बऱ्याच तक्रारी या लेबलामुळेच येतात. आतला माल वेगळा आहे. मूळ नियम असा की दोन स्पष्टीकरणं हातातल्या माहितीला सारखीच लागू पडत असतील, तर ज्यात कमी गोष्टी गृहीत धराव्या लागतात ते आधी धरावं. ‘सारखीच लागू पडत असतील तर’ ही अट आणि ‘आधी’ हा शब्द, या दोन्हींत अवजाराचा सगळा कस आहे. अट गाळली की नको असलेली माहितीच कापली जाते. ‘आधी’ गाळलं की तपासणी न करताच निकाल लागतो.

आमचा अभिप्राय सुरुवातीलाच देऊन टाकतो. कोणती शक्यता आधी तपासायची आणि पुराव्याची जबाबदारी कोणावर टाकायची, हे ठरवायला इतकं स्वस्त आणि टिकाऊ साधन दुसरं नाही. खरं काय ते ठरवायला हे घेऊ नये, त्या कामासाठी ते बनवलेलंच नाही. बाकीचं परीक्षण तपशिलाचं, कारण याच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

मूळ आवृत्ती

विल्यम ऑफ ऑकम (सुमारे १२८७ ते १३४७) हा इंग्लंडमधला फ्रान्सिस्कन भिक्षू आणि तर्कशास्त्रज्ञ. ‘गरज नसताना अनेकता मानू नये’ आणि ‘थोडक्यात होणारं काम पुष्कळांनी करणं व्यर्थ’ या अर्थाची वाक्यं त्याच्या लिखाणात आहेत. त्याच्या नावावर सर्रास खपवलं जाणारं ‘गरजेपलीकडे वस्तूंची संख्या वाढवू नये’ हे लॅटिन वाक्य मात्र त्याच्या उपलब्ध ग्रंथांत नाही. ते १६३९ साली जॉन पंच या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाने लिहिलेल्या टीकेत येतं. कल्पना तर ऑकमच्याही आधीची आहे, ॲरिस्टॉटलकडेही सापडते. वस्तरा हे नाव चिकटलं तेही सतराव्या शतकातच.

मूळ आवृत्तीची अडचण अशी की ‘गरज’ कशी मोजायची ते तिच्यात कुठेच लिहिलेलं नाही. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त घातलेला नियम त्या मानाने कामाचा आहे: नैसर्गिक घटनांची खरी आणि पुरेशी, एवढीच कारणं मानावीत. ‘पुरेशी’ म्हणजे दिसतं ते सगळं त्यातून निघायला हवं. ‘खरी’ म्हणजे ते कारण जगात इतरत्रही काम करताना दिसायला हवं, केवळ ही एक अडचण सोडवण्यापुरतं जन्माला घातलेलं नसावं. वापरताना या दोन चाळण्या वेगवेगळ्या लावाव्यात. पहिलीतून निसटलेलं स्पष्टीकरण कितीही सुटसुटीत असो, ते मोजदादीला घ्यायचंच नाही.

लाघव : जास्त तपशीलवार सूचनांसह

भारतीय नैयायिकांनी आणि मीमांसकांनी हेच साधन ‘लाघव’ (हलकेपणा) या नावाने वापरलं. दोन कल्पनांपैकी जिच्यात पसारा जास्त तिच्यावर ‘गौरव’ (इथे अर्थ जडपणा) हा दोष. मीमांसकांचा नियम तर रोजच्या वापराचा आहे: दिसणाऱ्या कारणाने काम भागत असेल तर न दिसणाऱ्याची कल्पना करू नये. पण या आवृत्तीची खरी किंमत तिच्या बारकाव्यांत आहे. पसारा तीन ठिकाणी असू शकतो हे नव्यन्यायाने (न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेने) वेगळं करून ठेवलं: शरीरकृत, उपस्थितिकृत आणि संबंधकृत.

शरीरकृत लाघव म्हणजे कारणाच्या व्याख्येत घटक किती, ही आपल्या ओळखीची मोजणी. उपस्थितिकृत लाघवाचं उदाहरण असं: पदार्थात गंध उत्पन्न होतो, त्याआधी तिथे गंधही नसतो आणि रूपही नसतं. मग कारण म्हणून कोणाचा आधीचा अभाव धरायचा? गंधाचा, कारण गंधाचा विचार करताना तोच थेट समोर येतो, रूपाचा अभाव आडवळणाने आणावा लागतो. संबंधकृत लाघव सर्वांत उपयोगी. मडकं घडतं तेव्हा कुंभाराचा चाक फिरवायचा दंड तिथे असतो, तसं दंडाचं दंडत्वही (दंड असणं हा गुणधर्म) असतंच. दोन्ही दर वेळी हजर. पण दंडत्वाचा मडक्याशी संबंध दंडामार्फत येतो, म्हणून कारण दंडच. आकडेवारीत दोन चल (बदलत्या राशी) नेहमी जोडीने वाढताना दिसतात आणि नेमकं कोणाला धरावं कळत नाही, तेव्हा विचारायचा प्रश्न हाच: यातला कोण दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आला आहे?

शिवाय नैयायिकांनी सवलतही लिहून ठेवली आहे. प्रामाणिक गौरव, म्हणजे प्रमाणानेच, पुराव्यानेच, गळ्यात पडलेला पसारा, हा दोष नाही. फलमुख गौरवही नाही: कार्यकारणभाव आधी सिद्ध झाला आणि त्याचा परिणाम म्हणून मागाहून पसारा वाढला, तर त्या वाढीवर बोट ठेवून सिद्ध झालेलं नाकारता येत नाही. ऑकमच्या अनुयायांत जे वाद वर्षानुवर्षं चालतात त्यातले बरेच या दोन वाक्यांत मिटतात.

मोजायचं काय आणि कोणत्या भाषेत

अवजार बिघडण्याची सर्वांत मोठी जागा ही. ‘सोपं’ हे मोजल्याशिवाय ठरत नाही आणि मोजमाप भाषेवर अवलंबून असतं.

पाणिनीचं ‘इको यणचि’ घ्या. दोन-तीन शब्दांचं सूत्र. अर्थ: इ, उ, ऋ, ऌ यांच्यापुढे स्वर आला तर त्यांच्या जागी अनुक्रमे य्, व्, र्, ल् येतात. म्हणून इति + आदि = इत्यादि, सु + आगत = स्वागत. सूत्र इतकं आखूड कसं झालं? इक्, यण् आणि अच् हे संक्षेप आधीच तयार आहेत म्हणून, आणि ते वर्णांची क्रमवार यादी देणाऱ्या १४ शिवसूत्रांवर उभे आहेत. ‘च्या जागी’ हा अर्थही षष्ठी विभक्तीच्या वेगळ्या नियमातून येतो, ‘पुढे असताना’ हा सप्तमीच्या. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो असं म्हणतात, पण ती मात्रा वाचते ती सगळी यंत्रणा आधी उभी केली असेल तेव्हाच. एका सूत्रासाठी १४ शिवसूत्रं हा शुद्ध तोटा. हजारो सूत्रांत तीच यंत्रणा राबते, तेव्हा मात्र घसघशीत फायदा.

याचा व्यवहारातला अर्थ असा की स्पष्टीकरणाची लांबी मोजताना त्याच्यामागची यंत्रणाही हिशेबात धरावी, आणि ती आणखी किती ठिकाणी उपयोगी पडते त्यावर तिचा खर्च वाटून टाकावा. ‘सगळं नशिबामुळे’ हे एका शब्दाचं स्पष्टीकरण आहे, पण नशीब अमुकच वेळी अमुकच का करतं याची यंत्रणा लिहायला बसलं की कागद पुरत नाही. उलट गुरुत्वाकर्षणाचा नियम शिकायला वर्ष जातं, पण तोच भरती-ओहोटीला लागतो, चंद्राला लागतो आणि हातातून निसटलेल्या पेल्यालाही.

याच विचाराची गणिती आवृत्ती योर्मा रिसानेन यांनी १९७८ मध्ये मांडली: नियम लिहायला लागणारी लांबी अधिक त्या नियमातून न निघणारे अपवाद लिहायला लागणारी लांबी, ही बेरीज ज्याची कमी तो नियम घ्या. यात आळशीपणालाही आळा बसतो, कारण अतिसोप्या नियमाचे अपवादच भरमसाट होतात. सर्वांत आखूड वर्णन कोणतं हे कुठल्याही संगणकाला सर्वसाधारणपणे काढता येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून प्रत्यक्षात भाषा आधी ठरवून घ्यावी लागते आणि तिच्यापुरतंच उत्तर मिळतं.

गोष्टींची संख्या मोजायची की नियमांची, हाही प्रश्न आहेच. बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत) थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसत होती. नील्स बोर ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच अशा ठिकाणी ढिला करायला तयार होते. त्यात नवा कण लागत नव्हता. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये न दिसणारा एक कण मानला आणि नियम शाबूत ठेवला. वस्तू मोजल्या तर बोर यांची बाजू सोपी, नियम मोजले तर पाउली यांची. १९५६ मध्ये कावन आणि राइन्स यांना तो कण, न्यूट्रिनो, सापडला. वस्तऱ्याच्या लेबलावर विसंबून पाउलींना नापास करणारे त्या काळी सहज निघाले असते.

एक पूर्ण चाचणी : आपोआप बंद पडणारा संगणक

साधन कसं चालवायचं ते एका मामुली बिघाडावर दाखवतो. डेस्कटॉप संगणक सात वर्षं जुना. जड काम लावलं की दहा-पंधरा मिनिटांत अचानक बंद पडतो. पंख्याचा आवाज वाढला आहे. शिवाय सकाळी चालू केला की तारीख आणि वेळ चुकलेली असते.

इथे घाईने वस्तरा चालवणारा म्हणतो: तीन लक्षणं, एक कारण, मदरबोर्ड गेला. कारणांची संख्या मोजली तर हे खरोखरच सर्वांत सोपं. दुसरं स्पष्टीकरण दोन कारणांचं आहे: उष्णता बाहेर पडत नाही (धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट) आणि घड्याळाचा बटण सेल संपला.

आता संख्येऐवजी शक्यता मोजा. हिशेबापुरतं धरून चालू की इतक्या जुन्या यंत्रांत नेमकी ही तिन्ही लक्षणं देणारा बोर्डाचा बिघाड ५०० मध्ये एकात असतो, धुळीने तापणारं यंत्र १० मध्ये एक आणि संपलेला सेल ५ मध्ये एक. दोन्ही एकत्र असण्याची शक्यता ५० मध्ये एक, म्हणजे ‘सोप्या’ स्पष्टीकरणाच्या दहापट. शिवाय हा गुणाकार दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र मानतो, पण इथे दोघींचं मूळ यंत्राच्या वयात आहे. त्यामुळे त्या जोडीने येण्याची शक्यता यापेक्षाही जास्त. दोन सर्वसाधारण कारणं एका दुर्मीळ कारणापेक्षा सोपी असू शकतात. या वस्तऱ्याच्या वापरातली सर्वांत मोठी चूक नेमकी इथेच होते.

तपासणीचा क्रम लावताना शक्यतेइतकाच तपासणीचा खर्च बघायचा. सर्वांत स्वस्त चाचणी घड्याळाची, तिला पैसाही लागत नाही: एक रात्र भिंतीवरचं बटण चालू ठेवून संगणक फक्त बंद करा. वीज जोडलेली असताना घड्याळ सेलवर अवलंबून नसतं. त्या सकाळी वेळ बरोबर आली आणि भिंतीवरचं बटण बंद केल्यावरच चुकली, तर दोष सेलचा. वीज चालू असूनही चुकली, तर बोर्डावरचा संशय वाढतो. सेल सहसा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. मल्टीमीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर बदलून टाका.

मग उष्णता. तापमान नोंदवणारा प्रोग्राम लावून प्रोसेसरवर पूर्ण भार द्या. ९५ ते १०० अंशांपर्यंत चढून यंत्र बंद पडलं तर उष्णतेचं कारण पक्कं होत जातं. ६० अंशांवरच बंद पडलं तर प्रोसेसरच्या उष्णतेचं स्पष्टीकरण तिथेच संपलं. पुढचा नंबर पॉवर सप्लायचा. नेहमीची चूक म्हणजे धूळ साफ करणं, सेल बदलणं आणि बायोस अद्ययावत करणं हे सगळं एकाच बैठकीत उरकणं. यंत्र सुधारतं, पण कशाने ते कळत नाही, आणि महिन्याने तेच लक्षण परतलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वेळी एकच बदल, मग तीच चाचणी.

कागदावर तीन रकाने आखले तर हे सगळं आणखी सोपं जातं: हे स्पष्टीकरण काय गृहीत धरतं, कोणती निरीक्षणं त्यात बसतात, कोणती बसत नाहीत. तिसरा रकाना रिकामा नसेल तर पहिल्यातली संख्या मोजायलाच जायचं नाही. आणि निरीक्षणांत ‘काय घडत नाही’ हेही लिहायचं. नुसता चालू ठेवला तर हा संगणक कधीच बंद पडत नाही, ही नोंद बाकीच्या तीन लक्षणांइतकीच बोलकी आहे.

आकड्यांतली आवृत्ती

वस्तरा मुळात चालतो का, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर नाण्याच्या गणितात मिळतं. दावा अ: नाणं सरळ आहे, छाप्याची शक्यता नेमकी अर्धी. दावा आ: नाणं वाकडं असू शकतं, छाप्याची शक्यता ० ते १ मध्ये कुठेही, सगळ्या किमती सारख्याच संभाव्य. आ जास्त लवचीक आहे, कसाही निकाल लागला तरी त्यात बसतो.

दहा फेकींत ६ छापे आले. तो विशिष्ट क्रम येण्याची शक्यता अ नुसार १०२४ मध्ये १, आ नुसार २३१० मध्ये १. सरळ नाण्याचा दावा सव्वादोन पट वरचढ. ९ छापे आले असते तर आ नुसार ११० मध्ये १, म्हणजे वाकड्या नाण्याचा दावा नऊ पटींहून वरचढ. लवचीक दाव्याला आपली शक्यता सगळ्या संभाव्य निकालांवर पातळ पसरावी लागते, म्हणून साध्या निकालावर तो हरतो. कोणी त्याला वेगळा दंड लावलेला नाही, तो हिशेबातच आहे.

आता ६० टक्केच छापे ठेवून फेकी वाढवा. १०० पैकी ६० आले तर अ चं पारडं फक्त १.१ पट जड, जवळजवळ बरोबरी. १००० पैकी ६०० आले तर आ सुमारे दोन कोटी पट वरचढ. प्रमाण तेच, माहिती वाढली, ‘सोपं’ उत्तर बाद झालं. माहिती तुटपुंजी असेल तोवरच वस्तऱ्याचा शब्द चालतो, आणि ती साठत गेली की त्याने बाजूला व्हायचं असतं.

रोजच्या विश्लेषणात मॉडेलांतून निवड करायची ही कामं एआयसी आणि बीआयसी हे दोन संख्याशास्त्रीय निकष करतात. हिरोत्सुगु आकाइके यांचा एआयसी म्हणजे मापदंडांच्या (मॉडेलातल्या पॅरामीटरच्या) संख्येची दुप्पट, वजा लाइकलिहुडच्या (मॉडेलनुसार हीच माहिती मिळण्याच्या शक्यतेच्या) नैसर्गिक लॉगची दुप्पट. गिडियन श्वार्ट्झ यांच्या १९७८ च्या बीआयसीत प्रत्येक मापदंडाला २ ऐवजी नोंदींच्या संख्येचा नैसर्गिक लॉग इतका दंड. म्हणजे ८ नोंदींपासून पुढे बीआयसी जास्त कडक: २० नोंदींना दंड ३, १००० नोंदींना ६.९. दोन्हींत कमी आकडा चांगला. भाकीत करायचं असेल तर एआयसी. यादीतल्या मॉडेलांपैकी एक खरं आहे असं मानायला जागा असेल आणि तेच शोधायचं असेल तर बीआयसी. कारण न सांगता दोन्ही चालवून सोयीचा निवडणं हा प्रकार इतका बोकाळला आहे की अहवाल वाचताना आधी तेच तपासावं.

बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत. एक, मापदंड कमी मोजले जातात: तीन चलांच्या साध्या रेषीय मॉडेलात तीन उतार, एक स्थिरांक आणि त्रुटीचं प्रचरण (व्हेरियन्स) मिळून पाच. दोन, नोंदी थोड्या असताना साधा एआयसी फार उदार असतो. दुरुस्ती अशी: मापदंड क आणि नोंदी न असतील तर २क(क+१) भागिले (न−क−१) इतकं वाढवा. न २० आणि क ५ असेल तर ही भर ४.३ येते, म्हणजे निकाल उलटवायला पुरेशी. तीन, एका मॉडेलात रिकाम्या जागांमुळे काही ओळी गळतात आणि दुसऱ्यात नाही. मग दोन आकडे वेगवेगळ्या माहितीचे होतात आणि तुलनाच बाद. सॉफ्टवेअर याची सूचना देईलच असं नाही. चार, मूळ राशी आणि तिचा लॉग यांवर बसवलेल्या मॉडेलांचे एआयसी थेट समोरासमोर ठेवणं. आकड्याला स्वतःला अर्थ नाही, फरकाला आहे. फरक २ च्या आत असेल तर दोघांनाही ठेवा, १० च्या वर असेल तर जास्त आकड्याचं सोडून द्या.

प्रचंड न्यूरल नेटवर्कांना ही मोजणी लावू नका. तिथे मापदंड नोंदींहून जास्त असूनही भाकितं चांगली येतात. वेगळ्या राखून ठेवलेल्या माहितीवर चाचणी घेणं हाच तिथला सरळ मार्ग.

जिथे हात कापतो

वैद्यकात सगळी लक्षणं एकाच आजारात बसवण्याची जुनी शिस्त आहे. तरुण रुग्ण, अचानक सुरू झालेला त्रास, पूर्वी काही नाही, अशा वेळी ती चांगली चालते. वय वाढलं की हिशेब संगणकासारखाच होतो. जॉन हिकॅम यांच्या नावाने ओळखलं जाणारं वचन सांगतं की रुग्णाला हवे तितके आजार एकाच वेळी असू शकतात. सेंट यांचं त्रिकूट याच धड्यासाठी शिकवतात: हायटस हर्निया (जठराचा भाग छातीकडे सरकणं), पित्ताशयातले खडे आणि मोठ्या आतड्यातल्या डायव्हर्टिक्युला (भिंतीवरच्या छोट्या पिशव्या). तिन्ही एकत्र सापडतात, तिघांना मिळून एक कारण नाही. उलट दिशेचं उदाहरणही आहे. जठराच्या व्रणाला ताण, आहार, आम्ल अशी कारणांची रांग लावलेली असताना मार्शल आणि वॉरन यांनी १९८० च्या दशकात एका जिवाणूवर बोट ठेवलं, आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तिथेही पसंती पडली ती प्रयोग आणि उपचाराच्या निकालांमुळे. सुटसुटीतपणाने फक्त दार उघडून दिलं.

खगोलात एकच युक्ती एकदा चालली आणि एकदा आपटली. युरेनस गणिताप्रमाणे फिरेना, ल व्हेरिए यांनी न दिसलेला ग्रह मानला आणि २३ सप्टेंबर १८४६ ला नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला सुमारे ४३ आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तफावत होती. त्याच गृहस्थांनी तोच उपाय सुचवला, सूर्याजवळ आणखी एक ग्रह, व्हल्कन. तो कधीच सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून तेवढीच तफावत थेट निघाली. स्पष्टीकरण दोन्ही वेळी सारखंच साधं, सारखंच पूर्वानुभवाला धरून. दुर्बिणीने एकाला पास केलं, दुसऱ्याला नाही.

कोपर्निकसचा दाखला मात्र जपून वापरावा. १५४३ च्या त्याच्या मांडणीतही वर्तुळावर वर्तुळं होतीच, ती सरसकट गळून पडली नव्हती. फायदा वेगळ्या जागी होता: ग्रह मागे सरकताना का दिसतात याला प्रत्येक ग्रहासाठी वेगळी सोय लागेनाशी झाली, पृथ्वीच्या फिरण्यातून सगळ्यांचं उत्तर एकदम आलं. वर्तुळं खऱ्या अर्थाने गेली ती केप्लरच्या लंबवर्तुळांनी, १६०९ मध्ये.

आणखी एक गैरवापर: समोरच्याचं म्हणणं ‘गुंतागुंतीचं आहे’ एवढंच सांगून वाद संपवणं. त्याच्या म्हणण्यातली नेमकी कोणती गृहीतं काढली तरी सगळी निरीक्षणं उभी राहतात, ते दाखवता येत नसेल तर वस्तरा काढूच नये.

कोणी कोणता घ्यावा

दुरुस्ती आणि दोषशोधनाचं काम करणाऱ्यांना शक्यता आणि तपासणीचा खर्च यांची यादी पुरते, सूत्रं लागत नाहीत. माहितीवर मॉडेल बसवणाऱ्यांनी दुरुस्त एआयसी आणि राखून ठेवलेल्या माहितीवरची चाचणी, अशी जोडी ठेवावी. वाद घालणाऱ्यांनी, आणि वाद वाचणाऱ्यांनीही, लाघवाचे तीन प्रकार आणि प्रामाणिक गौरवाची सवलत एवढं पाठ करावं. क्रम लावण्याच्या कामाला पाचपैकी साडेचार, निकाल देण्याच्या कामाला शून्य.

कोणतीही आवृत्ती घेतली तरी एक जोडकाम सोडू नये: कारण सापडल्यावर आकडा जुळतो का ते पाहणं. २०११ मध्ये ऑपेरा या भौतिकीतल्या प्रयोगात न्यूट्रिनो ७३० किलोमीटरचं अंतर प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी कापताना दिसले. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही हा सापेक्षतेचा नियम मोडला की उपकरणात चूक आहे? वस्तरा उपकरणाकडे बोट दाखवत होता, आणि बरोबर दाखवत होता. पण चूक एक नव्हती. प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती, त्यामुळे न्यूट्रिनो लवकर पोचल्यासारखे दिसत होते. घड्याळाच्या ऑसिलेटरमधला (ठोके देणाऱ्या भागातला) दुसरा दोष उलट दिशेने, म्हणजे उशीर दाखवत होता. जोडणी घट्ट करून तिथेच थांबलं असतं, तर उत्तर पुन्हा चुकलं असतं, यावेळी दुसऱ्या बाजूला.